तीन मिलिलिटर

बाटली करंगळीएवढी. किंमत अडतीस पौंड.
खोक्यावर लिहिलंय, पापण्या दाट झाल्यासारख्या दिसतील.
होतील, असं नाही. झाल्यासारख्या.
आमच्या मराठीच्या बाईंनी
त्या 'सारख्या'खाली लाल रेघ मारली असती.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ,
तीन-चार मण्यांची,
ओवणाऱ्याला मधेच कुणी हाक मारावी, इतकी आखूड.
ती म्हणे केसाच्या मुळाशी जाऊन काही सांगते.
काय सांगते, ते कंपनीलाही
नीट ऐकू आलं नसावं.

मी बारावीपासून उपटते.
जीवशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री
पहिला केस निघाला, तेव्हा बरं वाटलं होतं.
एवढंच. बरं वाटलं होतं.
त्याआधी, लहानपणी, गळलेला केस
मुठीच्या पाठीवर ठेवून फुंकायचो,
मागायचो काहीबाही: कंपासपेटी, सुट्टी,
समोरच्या गॅलरीतल्या मुलाने एकदा वर बघावं.
उपटलेल्या केसावर मागणं चालत नाही
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
मी मागत राहिले.
डाव्या डोळ्याचं खातं तर केव्हाच रिकामं झालं.

आता डंडीत आयला मला सीरम लावते.
(आयला हे तिचं नाव. फोनवर पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा आई म्हणाली, शिव्या कधीपासून देऊ लागलीस?)
डोळा मीट, म्हणते. हसू नकोस.
ब्रश कडेकडेने जातो.
काजळ घालताना आईचं बोट गरम असायचं,
हे थंड.
नवव्या आठवड्यात तीन केस,
कापणीनंतरच्या खुंटांसारखे.
आयला मोजते. मी मोजत नाही.

डिसेंबर. साडेतीनलाच टे नदीवर अंधार.
आयला कामावर गेलेली, जाताना लावून गेलेली.
मी खिडकीच्या काचेला डोकं टेकून,
आणि हात, नेहमीचा, मला न विचारता वर गेला.
चिमटीत केस धरला.
निसटला.
पुन्हा धरला. पुन्हा निसटला.
सीरम अजून ओलं होतं.

हा उपयोग खोक्यावर लिहिलेला नाही.

बोटं जीन्सला पुसली.
मग ते वाळेपर्यंत काय करायचं
म्हणून आईला फोन लावला.
तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले.
म्हणाली, थांब गं, दुधाला विरजण लावते
आणि मग बोलते.

थांबले.