रुजारकडची पाटी

खानापुरात स्टेशनाकडं उतरताना
कौलांच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून
रुजार लोबोचं दुकान होतं.
त्याची पाटी मी तीनदा रंगवली.
मजुरी एकदाही पैशात घेतली नाही.

पहिल्यांदा मराठीत.
'लोबो'तला बो जरा पसरला.
रुजार म्हणाला, असूंदे की,
आमच्या घरात सगळ्यांचीच पोटं तशी.

आत तीन बाकं, एक लंगडं स्टूल,
आणि कोपऱ्यात विटांवर चढवलेलं पिंप.
फणसाच्या लाकडाचं, चार लोखंडी कड्यांचं,
पितळेची तोटी, तिच्या गळ्यात ओलं फडकं.
चैत्र सरता सरता कणकुंबीकडनं हुर्राक यायचा
दुधाच्या गाडीतनं,
बोंडांचा वास पुढं, गाडी मागं.
रुजार तो पिंपात ओतायचा आणि तीन दिवस
कुणाला तोटीला हात लावू द्यायचा नाही.
"निजूंदे त्याला. रस्त्यानं हाडं खिळखिळी केल्यात."

आम्ही तरी यायचो.
शेंगदाणे खात, काही न पिता,
बाळंतिणीच्या दाराकडं बघावं तसं
पिंपाकडं बघत बसायचो.

कल्लाप्पा पोर्टर. लोंढ्याहून येणारी गाडी
नुसत्या आवाजावर ओळखायचा,
दुसऱ्या ग्लासानंतर तीच गाडी मिरजेची व्हायची.
बडिगेर मास्तर, कन्नड शाळेचे.
अर्धाच ग्लास, तोही शनिवारी.
त्यांचा शनिवार आठवड्यातनं दोनदा यायचा.
मशाक पिंजार बोटाच्या पेरानं पिंप वाजवून सांगायचा,
"कमरेपर्यंत हाय."
मग पंधरा दिवसांनी, "गुडघ्याला आलं बघा,"
आणि सगळे जरा हळू प्यायला लागायचे.

दुसऱ्यांदा वर कन्नड पाहिजे झालं.
मला अक्षरं येत नव्हती, वळणं येत होती.
मास्तरांनी पाटीवर खडूनं काढून दिलं,
मी शिडीवर, ते खाली,
"अदु अल्ला, पोट उजवीकडं, उजवीकडं!"
बो तिथंही पसरला.
रुजारनं लांबनं बघितलं, म्हणाला,
ह्यो माझाच हाय.

एका पहाटे एका ओळीवर डांबर फासलेलं.
कुठल्या ओळीवर, ते सांगत नाही.
पुढच्या वर्षी दुसऱ्या ओळीवर होतं.
त्या संध्याकाळी मास्तर आले,
आणि फासणाऱ्यातल्या एकाचा थोरला भाऊही आला.
बाक तीनच होते. सरकून बसले.
बराच वेळ फक्त तोटी बोलत होती.
शेवटी भाऊ म्हणाला, "यंदा जरा तुरट हाय काय?"
मास्तर म्हणाले, "हौद्री. जरा."

तिसऱ्यांदा रुजार म्हणाला, अक्षरंच नकोत.
नुसतं पिंप काढ.
काढलं. आडवं, कड्यांसकट, तोटीसकट.
चौथ्या दिवशी नंदगडाहून एकजण आला,
लग्नाला वाजंत्री किती घेता विचारत.

मग रुजार गेला.
पोरगा मडगावात, त्याला ह्यात रस नाही.
तिथं आता मोबाईलचं दुकान,
पाटी छापून आलेली, सगळे बो एका मापाचे.
कल्लाप्पा मुलीकडं हुबळीला.
मास्तर दिसतात बसस्टँडवर,
शनिवार असला तर हात वर करतात, नसला तरी.

पिंप आंजेलीनबाईंनी मला दिलं.
म्हणाल्या, मजुरी राहिली असंल तर ह्यात धरा.
राहिली नव्हती. तरी आणलं, हातगाड्यावर,
मशाकचा नातू ढकलायला.

ते पडवीत ठेवलंय.
रिकामं ठेवून चालत नाही त्याला,
लाकूड सुकलं की फळ्या एकमेकींना सोडतात,
कड्या नुसत्याच बांगड्यांसारख्या खाली येतात.
म्हणून आडातलं पाणी भरतो, चार घागरी,
आठवड्यातनं एकदा, कधी दोनदा.
बायको म्हणते, झाडांना तरी घाला ते.
घालतो की, पिवळसर झालं की घालतो.

काल भरायच्या आधी वाजवून बघितलं.
मला काही कळत नाही त्यातलं.
गुडघ्याला असावं.