आवाज : पाचपैकी

अठ्ठावीस फोल्डर. एकोणतिसावा पेनड्राइव्ह
उघडतच नाही, त्याला कुणीतरी
गणपतीचा स्टिकर चिकटवलाय.
वेंगुर्ल्यात रात्रीचे साडेदहा म्हणजे बराच उशीर.
समोर बर्फाच्या कारखान्याचं यंत्र एका सुरात चाललंय
आणि मी कानांत हेडफोन घालून
द्वितीय वर्षाचे प्रकल्प तपासते आहे :
चौकट पाच, आवाज पाच, संकलन पाच,
स्वमूल्यमापन पाच.

पहिल्या फिल्मभर ड्रोन.
बंदर, दीपगृह, पुन्हा बंदर,
खाली वाळूवर धावणारी ड्रोनचीच सावली.
ड्रोन मामेभावाचा, तो लग्नं शूट करतो.
सर्वेश मोचेमाडकरनं स्वतःला दिलेत पाचपैकी पाच,
खाली लिहिलंय : ‘प्रेक्षक भारावून जातील.’
मी नाही गेले. तरी एका वळणावर
आमचं घर दिसलं मला वरून,
छपरावरचं निळं प्लास्टिक, त्यावर ठेवलेले चार चिरे.
ह्याचा अर्धा गुण कुठे लिहायचा?

दुसरा गट चौघांचा.
तिघांच्या अर्जावर एकच वाक्य
आणि एकच चूक : ‘मी नेत्रुत्व केले.’
चौथी, रुमाना मुजावर, लिहिते : ‘ट्रायपॉड धरला.’
एकोणचाळिसाव्या सेकंदाला मी फिल्म थांबवते.
सोनाराच्या दुकानाच्या काचेत ती दिसते,
कॅमेऱ्यामागे, एक डोळा मिटून,
ओढणीचं टोक दातांत.
तिच्या मागे, पार लांब, सोड्याच्या गाडीशी
नेतृत्व उभं आहे, तिघं, हातात पेले.

मग मितेश गिरप.
मायक्रोफोनला त्यानं शाळेचा मोजा बांधला होता
तरी वारा शिरलाच आत.
चार मिनिटं नुसता वारा, आणि त्या वाऱ्यात
मागच्या पडवीत सुंगटं सोलणारी आई.
कोपरानं ती मांजर हाकलते.
टोपलीत साली, ताटात सुंगटं, बोटं थांबत नाहीत
आणि मध्येच, वर न बघता :
‘कॅमेरो बाजूक कर रे, उजेड अडवतंस.’
चौकट हलते. दीड पाऊल डावीकडे.
ताटावर ऊन पडतं.

अर्ज निळ्या शाईत, पुष्कळ खाडाखोड :
‘आवाज खराब. वाऱ्यामुळे काही कळत नाही.
चौकट हलली.
आईचं बोलणं कापायचं राहून गेलं, क्षमस्व.
पाचपैकी एक.’
एकच्या आधी दोन लिहून खोडलेत.

निरीक्षण अचूक.
निष्कर्षाबद्दल काय लिहू?
‘कॅमेरा हलता कामा नये’ हे मीच सांगितलं होतं
ऑगस्टमधल्या एका तासाला, फळ्यावर,
दोनदा अधोरेखित करून. त्यानं वहीत
पट्टी लावून रेघा मारल्या असणार.
त्या तासाला पाचपैकी किती?
तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना
तो अर्ज भरावा लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही पहिल्यांदा
वाराच ऐकू आला होता फक्त.
पेन्सिलीनं दोन टाकून मी पुढे निघाले होते,
चहा ठेवायला उठले, हेडफोन गळ्यातच,
आणि कुणीतरी मला म्हणालं, बाजूक कर.

आता खोडरबर सापडत नाही.
दोनचा आकडा बोटानं पुसते, कागद काळा होतो.

सोमवारी कणकवलीहून बाह्य परीक्षक येतील.
चष्मा कपाळावर सरकवून विचारतील,
मॅडम, एवढा वारा, आणि आवाजाला साडेचार?
मी म्हणेन, बसा सर, लावते.
खिडकी बंद करीन, पंखाही,
आणि प्रोजेक्टरसमोरून सरकेन
दीड पाऊल.