समासात लिही

कॉलेजची पोर आली, भुवना बेल्लद नाव,
गळ्यात ओळखपत्र, हातात सात पानं.
"काकू, फ्लॅटबद्दल किती तृप्ती? एक ते पाच सांगा."
तृप्ती आम्ही जेवल्यावर म्हणतो, बाई.
बस आधी. चपला आत आण,
बाहेर ठेवल्यास तर तीनशेदोनचं कुत्रं नेतं.

पाणी? चार लिही.
वडगावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं.
इथं टाकी आहे, टाकीला कुलूप आहे,
किल्ली सेक्रेटरींकडं, आणि सेक्रेटरी गोव्याला.
तीन कर.

आवाज?
पुढच्या खोलीत दोन माग होते आमचे.
सव्वीस वर्षं त्या खडखडाटात पोळ्या लाटल्या,
माग थांबला की पाळण्यातलं पोर उठायचं.
इथं पहिल्या रात्री इतकं गप्प होतं
की हे उठून बघून आले, पंखा फिरतोय का.

लिफ्ट चार माणसांची. उभ्या माणसांची.
आडव्या माणसाची सोय नकाशात नव्हती.
ह्यांना खुर्चीला बांधून तीन मजले उतरवलं,
पुढनं वॉचमन यल्लाप्पा, मागनं हिरेमठ सर,
ज्यांच्याशी दीड वर्ष बोलणं नव्हतं,
पार्किंगवरून, आणि पाटीवर आधी कानडी का मराठी यावरून.
प्रत्येक वळणाला सर म्हणत होते, सावकाश, सावकाश.
शब्द कुठल्या भाषेतला, कुणी विचारलं नाही.
परत वर आणायची वेळ आली नाही.

रात्री त्यांची बायको माझ्या उशाशी.
"समाधान माडकोरी, अक्का."
मला आधी रागच आला. कसलं समाधान?
बाजारात हजारदा ऐकलेला शब्द,
पण त्या रात्री कळला:
रडणाऱ्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहायचं,
त्याला त्यांच्यात समाधान म्हणतात.

पुढं कसलं घर हवंय?
मुलगा पुण्याहून फोटो पाठवतो,
पोहायचा तलाव, काचेचा जिम.
मला जिना रुंद हवा,
आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाक.
हिरेमठबाईंचे गुडघे गेलेत, माझेही निघालेत.
लिफ्ट बंद पडली की
दोघी पायरीवर बसतो, भाजीच्या पिशव्या मांडीवर,
वर जाणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

हसू नको, लिही.
बाकाला रकाना नाही? मग समासात लिही.

आणि तुझी एकच चप्पल दिसतेय गं.
दार उघडं राहिलं वाटतं मघाशी.