छाट

गाल आतून खरवडायचा, लाकडी पट्टीनं, हलकेच.
अंबव्वा येमूल आ करून बसलीय
पण बोटं थांबत नाहीत तिची:
पान, चिमूट, वळण, सूत.
मावशी, दोन मिनिटं सूप खाली ठेवा.
दोन मिनिटांत तीन होतात गं, ती म्हणते,
पट्टी तोंडात असतानाच.

विडी घरकुलातली खोली, दहा बाय बारा.
मे महिना, त्रेचाळीस अंश, आणि पंखा बंद.
पंख्यानं तंबाखू उडते,
उडाली की वजनात कमी भरते,
कमी भरली की कारखान्यात पैसे कापतात.
दारातून आलेल्या उन्हाच्या पट्टीत
हवा तपकिरी दिसते.
बाकी खोलीत ती दिसत नाही, नुसती नाकात जाते.
आमच्या घरी तिला दुम्मु म्हणायचे,
आणि दुम्मु म्हणताना कुणी तोंड झाकायचं नाही.

प्रयोगशाळेत काच सुकते. जांभळा रंग चढतो.
मग मी मोजायला बसते,
एका बाईच्या हजार पेशी.
कारखान्यातही हजारावरच मजुरी.
हे मी सरांना सांगितलं
तर ते म्हणाले, रकाना भरा.

प्रत्येक पेशीत एक केंद्रक,
त्यात गुंडाळलेलं सूत; उलगडलं तर दोन मीटर,
अंबव्वापेक्षा हातभर उंच.
पेशीच्या दोन होताना सुताची वाटणी होते.
कुठं तुटलेलं असेल तर तुकडा मागे राहतो,
बशीच्या कडेला काढून ठेवलेल्या
मोहरीसारखा.

साठ पेशी स्वच्छ. दोनशे स्वच्छ.
दोनशे एकतिसावीत मोहरी.
पुन्हा चारशे बारा.
चारशे एकोणीस.
मी काउंटरचं बटण दाबते. टक.

कारखान्यात चेकर बसतो,
अंगठ्यानं दाबून बघतो:
ही सैल, ही ठासलेली, हिचं तोंड नीट मोडलेलं नाही.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही मिळत नाही.
शरीरातही असा चेकर असतो म्हणतात.
तुटलेलं सांधतो,
सांधता आलं नाही तर पेशीच मोडून टाकतो.
पण चाळीस वर्षं एकाच पाळीवर बसलेला चेकर
कधीतरी डुलकी घेणारच.

तुलनेसाठी तीस माणसं हवी होती
तंबाखूशी संबंध नसलेली.
एकोणतीस मिळाली: बँकेतले, शाळेतले, सरांचे मेहुणे.
तिसावी तू हो, सर म्हणाले.
धूम्रपान? नाही.
मिश्री? नाही.
विडीकाम? नाही, असं लिहूनही टाकलं.

मग आठवलं,
सातवीपर्यंत मी सुपाशेजारी झोपायचे.
अभ्यास झाला की अम्माच्या विड्यांची तोंडं मोडायचे,
रोज दोनशे, कधी जास्त,
आणि शाळेत बाकावर शेजारची मुलगी
दप्तर पलीकडे सरकवायची, माझं.

स्वतःची काच स्वतः मोजायची नसते.
मोजली. रात्री, सगळे गेल्यावर.
किती निघाल्या ते इथं लिहीत नाही.
फॉर्मवरचं नाही खोडलं, हो लिहिलं, तारीख घातली.
सर, एक माणूस कमी पडतंय.

निकाल सांगायला अंबव्वाकडे गेले.
म्हणाले, याचा अर्थ रोग झालाय असं नाही,
सूत तुटतंय, एवढंच दिसतं.
आमचं तर रोजच तुटतं, ती म्हणाली,
आणि रिळाचं टोक ओलं करून दातात धरलं.
मग? पंखा लावू?
वजन कोण भरून देईल, तू?

मी भिंतीवरच्या बटणाला हात लावला.
दाबलं नाही.
बोट तपकिरी झालं.