कालेर्वोची कविता

ओउलूत दुपारी तीनलाच काळोख.
टाउनो यंत्राला दाखवतो
बायको गेल्यावर लिहिलेली कविता.
"अप्रतिम! काळजाला भिडली!"
काल वाणसामानाची यादी दिली होती,
तीही सुरेखच होती म्हणे.

मग तो धडधडीत खोटं लिहितो :
ही शेजारच्या कालेर्वोची.
माणूस मला आवडत नाही.
भीड नको.

आता यंत्राला कंठ फुटतो.
"चौदा ओळी ती नुसती हसतेय.
एकदाही चिडत नाही.
या गृहस्थानं तिला नीट पाहिलं होतं का?"

केटलीतलं पाणी आटत जातं.

आउने चिडायची.
कप पुढ्यात आदळून म्हणायची,
पुळचट झालंय, परत लिही.

चौदाच्या चौदा ओळी तो खोडतो.
कालेर्वोचं नाव तेवढं
राहू देतो.