सातवा टाका

पहिल्यांदा ऐकलं ते सेव्हन लव्हज चौकात.
मांडीवर अकरा ब्लाउजांची पिशवी,
आणि शेजारच्या रिक्षातून
माझीच मशीन चालत होती.

आपली मशीन ओळखू येते हो.
गर्दीत आपलं पोर खोकलं तरी कळतं, तशी.
सहा टाके सरळ, सातव्याला खट्.
खोड जुनी, रविवार पेठेतून घेतली तेव्हापासूनची.
विकणारा म्हणाला होता, तेल द्या, जाईल.
अठरा वर्षं तेल प्याली. गेली नाही.

जोएल, अझीम आणि तो उंचेला, वाघमोड्यांचा नातू,
काशेवाडीतली माझी वरची पत्र्याची खोली घेतली त्यांनी,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले.
मी म्हटलं, कोंबड्या पाळताय का?
"नाही काकू, आवाज."
नाव ठेवलं 'पेठेबाहेरचे'.
आठव्या दिवशी तोंड पाडून खाली आले:
तुमची मशीन वर ऐकू येते, सगळं रेकॉर्डिंग वाया.
बोलता बोलता अझीमच गप्प झाला.
कटिंगच्या टेबलावर बोटं वाजवत राहिला,
सहा, आणि खट्.
सहा, आणि खट्.
माझा खडू खाली पडला तरी थांबेना.

गाण्याचं नाव 'उसवण'.
सगळं मला कळत नाही, फार भरभर बोलतात,
उधारी मागायला आलेल्यापुढं बोलावं तसं.
एक ओळ कळली:
सगळ्यांची मापं घेतली, आमचं कुणी घेतलं?
ती ऐकून मी टेप गळ्यातून काढून ठेवला
आणि मग परत घातला.

मग आकडे सुरू झाले.
जोएल जिन्यातून ओरडायचा,
काकू, एक्केचाळीस! काकू, सतरा!
मला वाटलं पोरांना उतरती कळा लागली.
वर चढावं तसा आकडा लहान होतो म्हणे.
रेशनच्या रांगेसारखं. असं म्हटल्यावर समजलं.
तीनवर अडकलं आठवडाभर,
पुढं कुठलं तरी लग्नाचं गाणं ठाण मांडून बसलेलं.
नंतरच्या गुरुवारी जिन्यात कुणी ओरडलं नाही.
तिघं येऊन पायऱ्यांवर बसले.
वाघमोड्यांचा नातू चपलेचा अंगठा ओढत म्हणाला,
एक.
एवढंच.
मी चहा टाकला. दूध कमी होतं.

पैसे आले तसं मला पाकीट दिलं, पाच हजारांचं,
वर लिहिलेलं: तालवादन.
वादन! माझ्या सासरी टाळ्यासुद्धा मोजून वाजवायचे.
त्यातले साडेचारशे मी मिस्त्रीला दिले,
नाना पेठेतला म्हातारा, कानावर विडी.
त्यानं एक दात घासला, पट्टा बदलला,
आणि मशीन लोण्यातून सुरी जावी तशी चालायला लागली.

दुसऱ्या गाण्यासाठी पोरं माइक घेऊन आली.
मी पाय मारला. ऐकत राहिली तिघंही.
"काकू, ते खट् कुठं गेलं?"
साडेचारशे देऊन घालवलं रे, म्हटलं.
कुणी हसलं नाही.
अझीमनं मशीनवर हात ठेवला,
ताप बघावा तसा.

जोएलनं माइक उचलला
आणि खाली, माझ्या पायाशी ठेवला.
"चालवा."
सहा टाके. आणि सातव्याला
पाय आपोआप अडला, केसभर,
अठरा वर्षं तिला सांभाळून घेत आलेला.

दारात ओसवालबाई, फॉलची साडी न्यायला आलेल्या.
मी हातानंच सांगितलं,
उद्या, चारनंतर.