नमुना गोक-चौदा

घटप्रभेच्या कडेला, धबधब्याच्या जरा वर,
उन्हाळ्यात जिथं नदी नुसती ओली रेघ उरते,
तिथला हा दगड. लगमण्णानं छिन्नी लावून काढून दिला.
चार किलो. पिशवीवर मार्करनं: गोक-१४.

"ह्यात सोनं हाय काय, बाई?"
नाही.
"मग काय शोधूलालासा?"
डोंगर, म्हटलं.
त्यानं चारी दिशांना बघितलं. सपाट.
बाभळी, उसाचा ट्रॅक्टर, लांब गिरणीची चिमणी.
हसला नाही तो. म्हणाला, "कुठं गेला?"

दगडाची कुजकी कड त्याच्या हातात दिली,
अंगठ्यानं घास म्हटलं.
पापडी सुटली, बोटाला वाळू लागली.
इथं गेला.

बघ, आतले थर तिरके आहेत,
पाटातल्या पाण्यानं लोटत नेलेल्या वाळूसारखे.
म्हणजे पाणी दक्षिणेकडून यायचं,
आजच्या नदीला आडवं.
आणि पाण्याला यायला उंची लागते.
आमचं शास्त्र एवढंच:
गाळ सापडला की चढ शोधायचा.

तळच्या थरात गोटे होते. ते समजावायला
मी गोकाकचा करदंट मोडला:
गूळ एकच, पण हा काजू, हे अंजीर, हा डिंक,
प्रत्येकाचं रान निराळं.
त्यानं ऐकून घेतलं, तुकडा तोंडात टाकला.
पुरावा संपला.

बेळगावात दगड कुटला, चाळला, जड द्रवात सोडला.
वाळू तरंगली. झिरकॉन तळाशी बसले,
टाचणीच्या डोक्यावर वीसेक मावतील एवढाले.
आत युरेनियमचं शिसं होत राहतं,
कुणी बघो न बघो.

एकशे सतरा दाणे मोजले.
बहुतेक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे:
धारवाडकडचे, शेजारीच म्हणायचे.
काही तीनशे कोटींच्याही पलीकडचे,
त्या डोंगराच्या पोटात आधीच म्हातारे.
म्हणजे जुना भूखंड आणि नवा
इथंच कुठंतरी एकमेकांवर चढले,
शिवण वर आली, उंच झाली, बर्फही पडला असेल तिच्यावर.
मग ऊन, वारा, पाणी. शिवण झिजली,
टाके तेवढे वाळूत.

उरले तीन.
गुळगुळीत, फार लांबून आलेले,
त्यांच्या वयाचा खडक आसपास कुठंच नाही.
तक्त्यात रकाना होता: मूळ स्थान.
दोन दिवस मी तो मोकळा ठेवला.

लगमण्णाचा फोन आला, दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभा होता,
आजोबाचं गाव कुठलं त्याचा कागद मागत होते.
"सापडला काय डोंगर?"
अर्धा.
"आणि अर्धा?"
समुद्रापलीकडं असेल. मादागास्करात वगैरे.
तेव्हा जमीन एकच होती, मग फाटली.
तो थोडा थांबला. मागं कुणीतरी कन्नडमध्ये नंबर पुकारत होतं.
"तिथं बोलतात काय ओ?"

मी म्हटलं, बघून सांगते.